तिसऱ्या स्क्रूवरची चमकी

शोभाताई, तुझी चमकीची बाटली माझ्याकडे आहे. आधी हेच सांगून टाकते. तू असतीस तर एव्हाना पर्स टेबलावर उलटी करून, रुमाल, गोळ्या, बसचं जुनं तिकीट असं सगळं पसरून म्हणाली असतीस, "त्या पल्लवी म्याडमनंच ढापली आसंल." ढापली नाही गं. ती माझ्याकडे खरं कशामुळे आली ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, परवापर्यंत तिसऱ्या कोणालाच नव्हतं. म्हणून तर हे लिहायला बसले.

साहेब म्हणाले, शोभाच्या आठवणीसाठी शनिवारी टेस्ट रूममध्ये सगळे जमू, तू दोन शब्द लिहून आण. मला आजवर दोन शब्दांत काही सांगता आलंय का? तूच म्हणायचीस, पल्लवीला नुसतं हो म्हणायचं असलं तरी समोरच्याचा चहा गार होतो. तेव्हा तू निवांत बस. चहा गार होणार आहे.

तुझ्या सायखेड्याच्या बहिणी येणार आहेत, तर त्यांना कळेल असं लिहिते. त्यांना इतकी वर्षं वाटायचं की सातपूरच्या कारखान्यात आपण पाण्याचे फिल्टर बनवतो, आणि तूही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाहीस. उलट एकीच्या घरचं पाणी गढूळ येतं म्हणून तुझ्याकडे सल्ला मागितला, तर तू दिलासही. तर बायांनो, ते फिल्टर वेगळे. जमिनीवरच्या मोठ्या छत्रीतून आकाशातल्या उपग्रहाला हुकूम जातात, इकडे वळ, फोटो काढ, आता गप्प पडून राहा. त्या हुकमाच्या वाटेवर आमची एक पेटी बसते. बुटाच्या खोक्याएवढी, आतून चांदीचा मुलामा दिलेली. ठरलेली फ्रीक्वेन्सी तेवढी ती पुढे सोडते, बाकीचं दारातच अडवते. पेटीच्या झाकणावर पाच स्क्रू असतात. ते केसभर फिरवले की समोरच्या पडद्यावरची रेघ हलते, आणि त्या रेघेत पाच खड्डे नीट एका ओळीत पडले की पेटी तयार. हे पाच खड्डे पाडणारी बाई म्हणजे तुमची शोभा.

मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आले तेव्हा तू आयटीआय करून वीसेक वर्षं त्याच स्टुलावर बसलेली. पहिल्या दिवशी मी पडद्याकडे बघून भराभरा स्क्रू फिरवत सुटले आणि तासाभरात पाचही खड्डे गायब करून दाखवले. तू माझा हात बाजूला केलास, डोळे मिटलेस आणि स्क्रू पाव आटा मागे घेतलास. मग डोळे उघडून पडद्याकडे बघितलंस. मी विचारलं, डोळे का मिटले? तर म्हणे, तुझ्याकडं बघून हसू येत होतं. वर्षभर मी तुम्ही-आम्ही करत राहिले. मग एकदा तूच वैतागलीस, की सासूशी बोलल्यासारखं नको बोलू. तेव्हापासून तू माझी तू.

आता बाटलीचं. स्क्रू एकदा जागेवर आला की तो हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा थेंब लावायचा, ही आमच्या धंद्यातली जुनीच रीत. जे वर आकाशात जातं त्याला हे चालत नाही, तिथे त्याची वाफ होते. पण आपली पेटी जमिनीवरच राहणार, तिला चालतं. तू लाल लावायचीस. मग तो नवा ग्राहक आला, ज्याचं नाव मी इथे घेत नाही. त्याचा निरीक्षक म्हणाला, लाल थेंब कोणीही पुसून परत लावेल. उपग्रहाला हुकूम देणारी पेटी वाटेत कोणी उघडली, आत काही बसवलं, तर आम्हाला कळणार कसं? रास्त प्रश्न होता. मी लगेच पुढे झाले. नंबर छापलेले परदेशी स्टिकर मागवू, मी त्यावर दहा पानांचं सादरीकरणच करून आणलं होतं.

तू उठलीस आणि कपाटातून हेअर ड्रायर आणलास. माझ्या त्या भारी स्टिकरवर मिनिटभर गरम हवा सोडलीस, नखाने अलगद उचललास, निरीक्षकाच्या मनगटावर चिकटवलास, आणि परत काढून होता तिथे लावलास. काही म्हणता काही कळलं नाही कोणाला. मग पर्समधून ही बाटली काढलीस. मेनरोडवरच्या बांगडीवाल्याकडून लेकीसाठी, प्रज्ञासाठी घेतलेली, पारदर्शक, आत निळी-सोनेरी चमकी. एक थेंब स्क्रूवर लावलास, म्हणालीस, आता काढा फोटो. मग शेजारी दुसरा थेंब लावलास. दोन्हींत चमकी वेगवेगळी पडलेली. कितीही वेळा लावा, तशीच्या तशी परत पडणार नाही. निघताना फोटो काढायचा, पोचल्यावर ताडून बघायचा. निरीक्षक हसला, माझी दहा पानं घडी घालून खिशात गेली. हातच्या काकणाला आरसा कशाला.

त्या दिवशी मी तुझ्यावर चिडले होते, ताई. दोन दिवस डबा वेगळा खाल्ला. तिसऱ्या दिवशी तू शेंगदाण्याची चटणी माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवून निघून गेलीस, आणि मी ती खाल्ली. आपली भांडणं अशीच मिटायची. त्यामुळे मला वाटत राहिलं की सगळीच मिटतात.

त्या चमकीसोबत एक नियम आला. तो तूच साहेबांना लिहायला लावलास. सील लागल्यावर पेटी कोणी उघडायची नाही. उघडावीच लागली तर दोघांनी मिळून, पुन्हा टेस्ट, पुन्हा फोटो, आणि का उघडली ते कागदावर. तू मला बजावलं होतंस की सील तुटलं तर चालतं, सीलबद्दल खोटं बोललेलं चालत नाही. हे वाक्य मी नंतर किती नव्या पोरींना ऐकवलं. दर वेळी माझीच जीभ जड व्हायची.

कारण ती दुपार. तू भाच्याच्या हळदीला सायखेड्याला गेली होतीस. पेटी तयार होती, सील लागलं होतं, फोटो निघाला होता, दुसऱ्या दिवशी गाडी येणार होती. मला साहेबांच्या फाइलसाठी रेघेची एक प्रत हवी होती म्हणून मी पेटी पडद्याला जोडली. पाच खड्डे होते, पण सगळी रेघ थोडी उजवीकडे सरकलेली. मर्यादेच्या आत होती, चूक अशी काही नव्हती. पण ती मधोमध नव्हती, आणि मला ते बघवेना. मनात म्हटलं, हळदीच्या घाईत ताईचं लक्ष नव्हतं. आणि खरं सांगू? थोडा आनंदही झाला. शोभाताईच्या हातातलं काहीतरी मी दुरुस्त करणार होते. तिसऱ्या स्क्रूवरचा थेंब खरवडला, त्याला धरून ठेवणारा नट ढिला केला, स्क्रू केसभर फिरवला. रेघ मधोमध आली. नट आवळला, तुझ्या ड्रॉवरमधून ही बाटली काढली, थेंब लावला, फुंकर घातली. नवा फोटो काढला नाही, कागद भरला नाही. वाटलं, केसभर तर फिरवलाय.

तू ती रेघ मुद्दाम उजवीकडे ठेवली होतीस, हे मला कुठे ठाऊक होतं! पेटी तापली की धातू प्रसरण पावतो आणि रेघ डावीकडे सरकते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्क घेतले होते. पण तू त्या स्टेशनवर जाऊन आली होतीस, पेटी ज्या कपाटात बसणार त्याला हात लावून आली होतीस. एसी बाहेरच्या खोलीत, कपाट आतून तव्यासारखं. म्हणून आपल्या थंडगार टेस्ट रूममध्ये तू रेघ बाजूला ठेवलीस, की तिथे गेल्यावर ती आपोआप जागेवर येईल. मी ती इथेच जागेवर आणून ठेवली.

पेटी बसली. सकाळी सगळं ठीक. दुपारी उपग्रह डोक्यावरून गेला आणि हुकूम पोचलेच नाहीत. दुसऱ्या दुपारी तेच, तिसऱ्या दुपारी तेच. तेव्हा कुठे तिथल्या कोणाला फोटो ताडून बघायचं सुचलं, आणि तिसऱ्या स्क्रूवरची चमकी जुळेना. झालं. पेटी कोणीतरी उघडलीय, आत काहीतरी केलंय, उपग्रहाला मुद्दाम बहिरं केलंय. त्यांनी ती सगळी वाटच बंद केली, हुकूम दुसऱ्या स्टेशनवरून द्यायला लागले आणि पेटी घेऊन निरीक्षक थेट सातपूरला आला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं म्हणावं तर इथे कावळा मीच आणि फांदीवरही मीच बसलेली.

दोन दिवस चौकशी. टेम्पोवाल्याला विचारलं, साहेबांना विचारलं. शेवटी सगळं येऊन थांबलं आपल्या वॉचमनकाकांपाशी, कारण टेस्ट रूमची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. बिचारे गेटवर हात जोडून उभे. आणि मी? मी मूग गिळून बसले होते. माझी नोकरी पक्की व्हायची होती, पुढच्याच महिन्यात कागद निघणार होता. रोज सकाळी घरून निघताना ठरवायचे की आज सांगायचं. सातपूरच्या सर्कलपर्यंत येईस्तोवर धीर सुटायचा.

तिसऱ्या दिवशी टेस्ट रूममध्ये आपण चौघं होतो, तू, मी, साहेब आणि निरीक्षक. निरीक्षकाने दोन फोटो शेजारी ठेवले. तू भिंग घेऊन तो थेंब पाहिलास, फार वेळ पाहिलास. मग माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "काकांना सोडा. पेटी मीच उघडली. नट ढिला वाटला म्हून आवळला, फोटो काढायचा राहिला."

मी तोंड उघडलं होतं. शप्पथ, उघडलं होतं. पण तू लगेच मला ड्रायर आणायला पिटाळलंस. मी आणला, आणि त्या निरीक्षकासमोर तू पेटी गरम करून दाखवलीस. रेघ डावीकडे घसरली. तिसरा स्क्रू तू होता तिथे नेलास, पुन्हा गरम केलीस, रेघ येऊन मधोमध बसली. आत कोणी काही केलेलं नाही, उपग्रह बहिरा नाही, स्क्रू तेवढा चुकीचा बसला होता, हे दहा मिनिटांत सिद्ध झालं. निरीक्षक शांत झाला. पण कागद तर लिहावा लागणारच होता. त्यात लिहिलं गेलं की तंत्रज्ञ शोभा यांनी नियम मोडून सील उघडलं. खाली तू सही केलीस. त्या ग्राहकाच्या कामावर तुझं सील यापुढे चालणार नाही, असं ठरलं. मग साहेबांनी तुझ्या ड्रॉवरमधून ही बाटली काढली आणि माझ्या हातात दिली.

ज्या बाईने चमकी शोधली तिला चमकी लावायची बंदी, आणि जिने मोडली तिच्याकडे बाटली. मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. तुला गेलं असणार, तू त्यातली नव्हतीस.

आपण त्याबद्दल एकदाच बोललो. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर, शिफ्ट सुटल्याची गर्दी ओसरल्यावर. मी विचारलं, तुला कसं कळलं? तू म्हणालीस, थेंब डावीकडून ओढलाय, आख्ख्या कारखान्यात डावखुरी तू एकटीच. मग मी भांडायला लागले. खरंच, आभार मानायचे सोडून भांडले. म्हटलं, तूच सांगतेस ना सीलबद्दल खोटं चालत नाही? मग आता त्या कागदावर खोटं लिहिलंय. उद्या त्यांचा माणूस तो कागद वाचून ठरवणार की कोणाच्या हातावर भरवसा ठेवायचा आणि कोणाच्या नाही. तुझ्यावर ठेवणार नाही आणि माझ्यावर ठेवेल. सगळं उलटं झालं. मी आत्ता जाऊन सांगते.

तू कपातला शेवटचा घोट घेतलास. "वॉचमनवर आलं आसतं तर त्याचं घर गेलं आसतं. तुझ्यावर आलं आसतं तर तू गेली आसतीस. माझ्यावर आलं तर मी हितंच हाय. आता बोललीस तर तुझं माझं बोलणं बंद." आणि उठून गेलीस. भांडण तिथेच राहिलं, ताई. त्याला शेंगदाण्याची चटणी पुरली नाही.

मी अजूनही म्हणेन, तुझं चुकलं. माझं त्याहून जास्त चुकलं, ते आहेच. पण तुझंही चुकलं. तू मला वाचवलंस आणि मला तुझ्यासमोर मान वर करून बसायची सोय ठेवली नाहीस. दर पेटीवर थेंब लावताना तू समोरच्या स्टुलावर दुसऱ्या ग्राहकाचं काम करत बसलेली असायचीस, आणि मधूनच मान न उचलता म्हणायचीस, ब्रश जास्त भिजवू नको. इतकंच. टोमणा नाही, आठवण नाही. एखादा टोमणा मारला असतास तर बरं झालं असतं. मी नियम किती कडक पाळते म्हणून साहेब माझं कौतुक करायचे, तेव्हा तू गालात हसायचीस, आणि मला वाटायचं हिला आत्ताच्या आत्ता मिठी मारावी नाहीतर हिचा ड्रायर हिच्याच डोक्यात घालावा.

तुझ्याकडून मी काय शिकले त्याची यादी करणार नाही, तू जांभया देशील. एक मात्र सांगते. आता मी कुठलीही पेटी हाती घेतली की आधी विचारते, ही राहणार कुठे? कपाट तापतं का, दार किती वेळा उघडतं, उन्हाची भिंत कुठली. पडद्यावरची सुंदर रेघ मला आता संशयास्पद वाटते. हे मला पदवीने दिलं नाही, तू दिलंस, आणि त्याची किंमत तुझ्या नावाने फेडली गेली.

तू गेल्यावर मी ठरवलं होतं की आता बोलून काय उपयोग. तूच बोलू नको म्हणालेलीस, मग तुझा शब्द पाळू. सोयीचंही होतं ते. पण मग तुझ्या घरी पुण्यानुमोदनाच्या विधीला आले. प्रज्ञाने खिरीची वाटी हातात दिली, शेजारी बसली. रडून रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, आईच्या हातून एकदा ती मोठी चूक झाली ना, त्यानंतर ती सील लावत नव्हती. ते काम आता तुम्ही जपून करता ना?"

ताई, ऐकलंस? तुझ्या लेकीला वाटतंय की तिच्या आईचा हात चुकला होता. घरीसुद्धा तू सांगितलं नाहीस! इतकी वर्षं तिच्यासमोरही तेच खोटं धरून बसलीस, माझ्यासाठी. तो हात, जो डोळे मिटून पाव आटा मागे घ्यायचा. आणि मी? हो म्हणून मान हलवली आणि वाटी घेऊन उठले.

परवा एक नवी पेटी तयार झाली. त्याच ग्राहकाची, त्याच तापणाऱ्या कपाटासाठी. मी रेघ उजवीकडे ठेवली. तुझी बाटली केव्हाच रिकामी झाली, त्याच रंगाची तिसरी आणलीय, तिच्यातून डाव्या हाताने थेंब लावला, फोटो काढला. आणि मग तुझाच नियम काढून बसले. पेटी का उघडली, कोणी उघडली, केव्हा. जुन्या पेटीचा नंबर टाकून तो कागद भरला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी दोनदा वाचला. चष्मा काढला. म्हणाले, शोभा गेली, आता हे सगळ्यांसमोर कशाला, आपण फाइलला लावू. आणि ग्राहकाला कळवावं लागेल, ते तुझं सील बंद करतील, हे लक्षात घे. मी म्हटलं, लक्षात घेतलंय. बंद केलं तर मीही त्या समोरच्या स्टुलावर दुसऱ्यांचं काम करेन. ती जागा वाईट नाही, तिथे तू बसायचीस.

तर तुझा शब्द मोडतेय, शोभाताई. बोलणं बंद करायचं म्हणालीस ना, ते तू आधीच केलंयस, आता मला कशाची भीती? वॉचमनकाका निवृत्त झालेत, पण त्यांनाही बोलावलंय, मागच्या रांगेत बसतील. साहेब असतील. तुझ्या बहिणी असतील. आणि सगळ्यांत पुढे तुझी लेक, तुझी ती तपकिरी पर्स मांडीवर घेऊन.

प्रज्ञा, तो स्क्रू तुझ्या आईने फिरवला नव्हता. मी फिरवला होता.